दोघं कमावतो, उधळपट्टीही नाही, तरी कर्ज हटत का नाही?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे पैशांच्या तक्रारी पैशांच्या नावाने फारशा येत नाहीत. चिडचिड, झोप न लागणं, नवऱ्याशी अबोला, मुलांवर उगाच ओरडणं अशा नावांनी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत केव्हातरी मुद्दा निघतो. दोघं नोकरी करतो, व्यसन नाही, हौसमौज बेताची, हप्ते वेळेवर जातात, आणि तरीही तीन वर्षांपूर्वी जेवढं कर्ज होतं जवळजवळ तेवढंच आज आहे. मग दबक्या आवाजात प्रश्न येतो, "घर मीच चालवते. म्हणजे माझंच काही चुकतंय का?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आणि तो, दोघंही पूर्णवेळ नोकरीत. शाळेत जाणारी दोन मुलं, घरात त्याची वयस्कर आई. ती पहिल्यांदा एकटीच आली. सहा महिने ती फोनवरच्या अ‍ॅपमध्ये पै न् पैचा खर्च टिपत होती. रात्री सगळे झोपले की बसायची, पावत्या काढायची, आकडे भरायची. त्यातून कर्ज कमी झालं नव्हतं, पण ती मात्र स्वतःला दर रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होती. "मुलीला बूट घेतले, ते महिनाभर थांबले असते. मीच घाई केली." हे वाक्य तिने मला दोनदा ऐकवलं.

मी तिला ते टिपणं थांबवायला सांगितलं. ती चकित झाली, थोडी रागावलीही. हिशोब ठेवू नका असं सांगणारी समुपदेशक तिला नवीनच होती. पण दमलेल्या माणसाने मध्यरात्री केलेल्या हिशोबातून शिक्षा तेवढी निघते, माहिती फारशी मिळत नाही. त्याऐवजी मी तिच्याकडून मागच्या बारा महिन्यांची सगळ्या खात्यांची आणि कार्डांची विवरणपत्रं मागवली.

तीन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, घरातल्या एका यंत्राचा हप्ता, आणि तिच्या भावाकडून हातउसने घेतलेले पैसे, अशी सहा देणी होती. नवऱ्याला यातली चारच माहीत होती. लपवायचं असं तिने कधी ठरवलं नव्हतं. तिसरं कार्ड एका गडबडीच्या आठवड्यात घेतलं, सांगायचं राहिलं, आणि मग उशिरा सांगणं अवघड होत गेलं. भावाच्या पैशांचंही तसंच.

कागद पसरल्यावर दिसलं ते तिच्या अंदाजाच्या उलट होतं. रोजचा खर्च जागच्या जागी होता. बारापैकी आठ महिने कार्डांवरची थकबाकी थोडी थोडी उतरत होती. उरलेल्या चार महिन्यांत मात्र ती एकदम उसळी मारत होती. एका महिन्यात शाळेची फी आणि विम्याचा हप्ता एकत्र. एका महिन्यात गाडीची दुरुस्ती. एका महिन्यात सासूबाईंच्या तपासण्या. एका महिन्यात प्रवास. या सगळ्याला ती "अचानक आलेला खर्च" म्हणत होती. मी विचारलं, "फी गेल्या वर्षीही याच महिन्यात भरली होती ना?" ती हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. इतके दिवस ती बुटांचे पैसे मोजत बसली होती.

वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च महिन्याच्या हिशोबात बसत नाहीत, म्हणून ते दर वेळी नवे वाटतात. त्यांची बेरीज करायची, तिला बाराने भागायचं आणि तेवढी रक्कम पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची. हिशोब पाचवीतला आहे. अडतं ते दुसरीकडेच. कार्डावर दरमहा ३ टक्क्यांनी व्याज चालू असताना पैसे बाजूला ठेवणं मूर्खपणाचं वाटतं. तिने तेच विचारलं. गणिताच्या बाजूने तिचं बरोबरच होतं, कारण दरमहा ३ टक्के वर्षभर चढत गेलं तर ४२ टक्क्यांच्या वर जातं आणि एवढं व्याज कुठलंही बचत खातं देत नाही. पण त्यांच्या घराचा इतिहास असा होता की हातात काही न ठेवता सगळं कार्डावर भरायचं आणि फीचा महिना आला की तेच कार्ड पुन्हा घासायचं. मग मधला मार्ग काढला. पूर्ण वर्षाची तरतूद नको, पुढच्या दोन-तीन महिन्यांत नक्की येणार असलेल्या खर्चापुरतीच ठेवायची. बाकी सगळं कर्जाकडे.

दुसरी गोष्ट किमान रकमेची. दोन कार्डांवर ते फक्त 'मिनिमम ड्यू' भरत होते आणि वेळेवर भरत असल्याचं त्यांना समाधान होतं. मी कागदावर मांडून दाखवलं. समजा थकबाकी १ लाख आहे, व्याज दरमहा ३ टक्के आणि किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ५,००० भरले तर ३,००० व्याजात जातात, मुद्दल हलतं २,००० ने. पुढच्या महिन्यात थकबाकी कमी म्हणून भरायची रक्कमही कमी होते, आणि तिथेच घोळ आहे. असं ३१ महिने चालवलं तर नवी खरेदी एकही न करता ५३ हजारांच्या वर देणं शिल्लक राहतं. तेच दरमहा ५,००० हा आकडा खाली येऊ न देता भरत राहिलं, तर त्याच ३१ महिन्यांत सगळं फिटतं. सुरुवात दोन्हीकडे त्याच रकमेने आहे. यानंतर तिने फार काही विचारलं नाही, कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तिच्या आणखी एका बोलण्याबद्दल लिहायला हवं. "मी मठ्ठ होत चाललेय. कामावर चुका होतात, मुलांच्या तारखा विसरते," असं ती म्हणायची. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना कापणीआधी, म्हणजे पैशांची ओढाताण असताना, आणि कापणीनंतर पैसे हातात आल्यावर सारख्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या होत्या. माणसं तीच, पण आधीची कामगिरी नंतरच्यापेक्षा कमी भरली. हे मी तिला सांगितलं. सांत्वनासाठी नव्हे. दिवसाच्या शेवटी, दमलेल्या डोक्याने पैशांचे निर्णय घ्यायचे नाहीत, हा नियम तिला पटावा म्हणून.

पुढच्या भेटीला तो आला. सहा देणी एका पानावर लिहून समोर ठेवली, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग अपेक्षित तेच झालं.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

दोघांचंही खरं होतं. अशा वेळी मी न्यायनिवाडा करत नाही, कारण त्यात भेटीचा सगळा वेळ जातो आणि घरी जाताना एक जण हरलेला असतो. मी त्याला विचारलं, की वैयक्तिक कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो? माहीत नव्हतं. तिन्ही कार्डांच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. घरात पैसे दोघं आणत होते, पण त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं काम एकटीकडे होतं. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंगर यांनी २०१९ साली या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले आहेत. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. त्यांनी ज्या जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यात निर्णय बहुधा दोघं मिळून घेत होते, पण पहिलं आणि शेवटचं काम जास्त करून बायकांच्या वाट्याला आलेलं होतं. या घरातही तसंच. "मी कुठे नाही म्हणतो? सांग काय करायचं, करतो," असं तो म्हणाला. सांगणं हेच तर तिला जड झालं होतं.

म्हणून वाटणी अशी केली, की तिन्ही कार्डं पूर्णपणे त्याच्याकडे. तारखा, भरणा, बँकेशी बोलणं, विवरणपत्र तपासणं, सगळं. तिने आठवण करायची नाही. दुसऱ्याच महिन्यात तो एक तारीख चुकला आणि दंड बसला. ती माझ्याकडे तावातावाने आली, "बघा, म्हणून मीच करते!" मी तिला काम परत घेऊ दिलं नाही. दंडाचे पैसे गेलेच, वाईट वाटलंच, पण त्यानंतर त्याने स्वतःच पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय लावली. तीन वर्षं तिच्या आठवणीवर चाललेलं काम आता कुणाच्याच आठवणीवर राहिलं नाही.

कोणतं कर्ज आधी फेडायचं यावर दोघांची मतं वेगळी होती. तो म्हणे, सर्वांत महाग ते आधी. ती म्हणे, भावाचं आधी, कारण त्याच्या घरी जायला तोंड राहिलं नाही. भावाच्या पैशांना व्याज शून्य होतं. निव्वळ आकड्यांनी त्याचं बरोबर, यात वाद नाही. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ साली कर्ज फेडणाऱ्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा ज्यांची देण्याची खाती एकेक करून पूर्ण बंद होत गेली, ते सगळ्या कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त दिसली, मग बंद केलेलं खातं छोटं का असेना. माझा अनुभवही तसाच आहे, हे बाजूला ठेवून देते. इथे नशिबाने सर्वांत छोटी थकबाकी होती तीच सर्वांत महाग कार्डावर. ती आधी संपवायची ठरली. भावाला दोघांनी मिळून भेटायचं आणि दरमहा ठराविक छोटी रक्कम देऊ असं सांगायचं, हेही ठरलं. त्या भेटीनंतर ती मला म्हणाली, की भावाने विषय दोन मिनिटांत संपवला. सांगायला मात्र तिला दीड वर्ष लागलं होतं.

मधेच एक प्रस्ताव आला. सगळी कार्डं मिटवून एकच कर्ज, "फक्त १२ टक्के". तो खूश झाला. मी विचारायला लावलं, की हे १२ टक्के उतरत्या शिल्लकीवर आहेत की सरळ मूळ रकमेवर? सरळ निघाले. १ लाखावर तीन वर्षं सरळ १२ टक्के म्हणजे ३६,००० व्याज, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लागत राहतं. उतरत्या शिल्लकीच्या हिशोबात तोच दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. कार्डापेक्षा तरीही स्वस्त, त्यामुळे प्रस्ताव टाकाऊ नव्हता. त्यांनी दुसरीकडे चौकशी केली, थोडा बरा दर मिळाला, तो घेतला. एक अट मी आग्रहाने घातली. मोकळ्या झालेल्या कार्डांपैकी एकच ठेवायचं आणि त्याचीही मर्यादा कमी करून घ्यायची. एकत्रित कर्ज घेऊन जुन्या कार्डांवर पुन्हा उधारी केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, त्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट होते.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं दोघांनी बसायचं, सुट्टीच्या दिवशी सकाळी. रात्री नाही. बोलायचं फक्त पुढचं, कोणतं देणं येतंय, कोणता खर्च येतोय. झालेल्या खरेदीचा पंचनामा करायचा नाही. शिवाय दोघांनाही दरमहा सारखी छोटी रक्कम, जिचा हिशोब कुणी कुणाला मागायचा नाही. ही शेवटची गोष्ट लोकांना चैन वाटते. मला ती औषधासारखी आवश्यक वाटते, कारण बहुतेक भांडणं अशाच छोट्या रकमांवरून पेटतात.

सासूबाईंनी स्वतःची साठवण देऊ केली होती. मी नको म्हटलं. त्यांच्या दुखण्याखुपण्याला ती लागणार होती, आणि ती संपली की तो खर्च पुन्हा याच घराच्या कार्डावर आला असता. मुलांना एवढंच सांगितलं, की या वर्षी घराचं एक देणं फेडतोय म्हणून काही गोष्टींना थांबावं लागेल. मोठ्या मुलाने विचारलं, "आपण गरीब झालोय का?" आईबाबा कुजबुजायचे, त्यावरून त्याने तसा समज करून घेतला होता. खरं ऐकून त्याला हायसं वाटलं.

सगळ्यांचं असं जमतं असं नाही. हप्ते भरायला नवं कर्ज काढावं लागत असेल, किंवा सगळे खर्च कापूनही हप्त्यांना पैसे उरत नसतील, तर प्रश्न सवयींचा उरत नाही. हप्ता चुकण्याआधीच कर्ज देणाऱ्या संस्थेशी मुदत वाढवून घेण्याबद्दल बोलावं, वसुलीचे फोन सुरू होण्याची वाट पाहू नये. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर आकडे बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावं.

या जोडप्याची सहापैकी आता दोनच देणी उरली आहेत, एकत्रित कर्ज आणि भावाचे थोडे पैसे. मधे एकदा मुलीला संगणक हप्त्यावर घ्यायची वेळ आली. तो विषय खरेदीआधी बैठकीत आला, आणि दोन महिने थांबून रोख घ्यायचं ठरलं. मागच्या भेटीत नवाच वाद होता. यंत्राचा हप्ता संपला, ते पैसे मोकळे झाले. त्याला ते सगळे कर्जाकडे वळवायचे होते. तिला त्यातून घरकामाला थोडी मदत लावायची होती, कारण ती दमली होती. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मत दिलं नाही, दोघांनाही आकडे आता सारखेच माहीत होते. शेवटी अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्यांनी ठरवलं.