बॅले शिकवताना 'वागानोवा मेथड' म्हणतात, ती वागानोवा कोण होती?

माझी भाची शिकते म्हणून हे सगळं शोधून वाचलेलं, राजारामपुरीत आमच्या किचनच्या ओट्याला धरून पाय उचलायची प्रॅक्टिस चालू असते तिची, आई ओरडतेय कुकर पडंल म्हणून.

तर आग्रिपिना वागानोवा, जन्म 1879, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. वडील तिथल्या मारीन्स्की या बॅले-ऑपेराच्या थिएटरात साध्या नोकरीला. 1897 ला तिथल्याच बॅले शाळेतून पास होऊन थिएटरच्या बॅले कंपनीत, म्हणजे नाचणाऱ्यांच्या ग्रुपात लागली, पण मेन रोल काय मिळेनात, छोट्या सोलो नाचात एवढी भारी की लोक 'व्हेरिएशन्सची राणी' म्हणायचे, आणि बॅलेरिना हा टॉपचा दर्जा मिळाला 1915 ला आणि 1916 ला रिटायर पण! एवढी वर्षं थांबून हातात काय, तर एक सीझन.

खरं नाव झालं ते शिकवण्यात. आपल्याकडं तालमीत वस्ताद बघा, नुसता डाव सांगत नाही, जोर कमरेतनं कसा आणायचा ते सांगतो, तसंच हिचं. फ्रेंच नाजूकपणा आणि इटालियन ताकद दोन्ही घेतलं, पाय एकीकडं आणि हात उगाच शोभेला असं चालायचं नाही, पाठ, मान, हात सगळं एकत्र पाहिजे. 1934 ला तिचं पुस्तक आलं, अजून वापरतात. गालिना उलानोवा, मारिना सेम्योनोवा या नावाजलेल्या बॅले डान्सर तिच्याच शिष्या. 1951 ला वारली, 1957 पासून ती शिकली त्या बॅले शाळेला तिचंच नाव आहे.