उत्तर: ६५ वॉटच्या चार्जरने टॅबलेट जळेल का?

तुमचा प्रश्न वाचताना दोन वर्षांपूर्वीची माझीच फजिती आठवली. टॅबलेटचा मूळ चार्जर हरवला आहे; घरात जुन्या फोनचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा, लॅपटॉपचा ६५ वॉटचा आणि हवा भरण्याच्या छोट्या पंपासोबत आलेला असे तीन चार्जर आहेत आणि तिन्हींची पिन टॅबलेटमध्ये बसते. ६५ वॉटचा लावल्यास टॅबलेट जळेल का, आणि चार्जिंगच्या वेळी टॅबलेटच्या धातूच्या पाठीला हात लावला की मुंग्या येतात ते धोक्याचे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. दोन्हींविषयी लिहितो, मात्र तुम्हाला भीती वाटते आहे ती भलत्याच चार्जरची. आधी तो पंपाचा चार्जर बाजूला काढून ठेवा.

लॅपटॉपच्या चार्जरवरील ६५ हा आकडा त्याच्या कमाल क्षमतेचा आहे. अँपिअर किती घ्यायचे हे उपकरण ठरवते, चार्जर ते त्याच्यावर लादत नाही. टाइप-सीचा नियमानुसार बनवलेला चार्जर तर समोर उपकरण जोडले गेल्याची खूण मिळेपर्यंत पिनवर वीजच सोडत नाही. खूण मिळाली की ५ व्होल्ट देतो आणि ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो तो उपकरणाने तशी मागणी केली तरच. त्याच्या लेबलवर या सर्व जोड्या ओळीने छापलेल्या असतात आणि शेवटी बहुधा २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असे असते, म्हणजेच ६५ वॉट. तुमचा टॅबलेट ५ व्होल्टच मागत असेल, तर त्याला ५ व्होल्टच मिळतील.

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडे खिशात मावणारा एक व्हॉइस रेकॉर्डर होता आणि त्यात तीन महिन्यांच्या मुलाखती होत्या, ज्यांची प्रत मी काढलेली नव्हती (ही चूक वेगळी, तिच्याविषयी पुन्हा कधी). एका संध्याकाळी त्याची बॅटरी उतरली म्हणून टेबलावरील दिव्याचा चार्जर काढून मी त्याला लावला. पिन टाइप-सीची होती आणि नीट बसली. रेकॉर्डरचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. मला वाटले, भिंतीवरील सॉकेट सैल असेल. म्हणून तोच चार्जर मी दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. त्यानंतर वास आला. चार्जर विजेरीच्या उजेडात तिरपा धरला तेव्हा काळ्या प्लॅस्टिकवरची करड्या रंगाची बारीक अक्षरे दिसली. पहिली ओळ इनपुट १०० ते २४० व्होल्ट, आणि तिच्याखाली आउटपुट १२ व्होल्ट १ अँपिअर. बस्स. ५ चा कोठे उल्लेखच नव्हता. तो नावाला यूएसबी होता. उपकरणाशी काहीही न बोलता सरळ १२ व्होल्ट सोडणारा तो साधा अडॅप्टर होता आणि उत्पादकाने त्याला स्वस्तात मिळणारी टाइप-सी पिन जोडून दिली होती. वॉट पाहिले तर तो अवघा १२ वॉटचा, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या चार्जरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

चूक माझी होती, हे मी सर्व्हिस सेंटरमध्येही पहिल्याच वाक्यात सांगितले. वॉरंटी नाकारली गेली, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. परंतु नाकारताना कारण दिले गेले ते ‘मूळ चार्जर वापरला नाही’ असे, आणि त्या रेकॉर्डरच्या खोक्यात चार्जर येतच नव्हता. माहितीपत्रकात ‘५ व्होल्टचा कोणताही चार्जर वापरावा’ असे स्पष्ट लिहिले होते. ते पान मी समोर ठेवले तर ते न पाहताच परत माझ्याकडे सरकवण्यात आले. पुढे यंत्र न उघडताच मुख्य बोर्ड गेला असून तो बदलावा लागेल आणि आतील साठवण मिळणार नाही, असा निर्वाळा देण्यात आला. निदान उघडून तरी पाहा, अशी विनंती केली तर तशी पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. या फेऱ्यांत माझे सहा आठवडे गेले. शेवटी बोर्डांची दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराने भिंगाखाली पाहून दहा मिनिटांत दोष दाखवला: सॉकेटलगतचा, तिळाएवढा, जादा व्होल्टेज अंगावर घेणारा संरक्षक डायोड शॉर्ट झाला होता. तो उचलून काढताच ५ व्होल्टवर रेकॉर्डर चालू झाला आणि मुलाखती वाचल्या. प्रत्येक यंत्राचे नशीब असे नसते, हेही सांगायला हवे. संरक्षक डायोडच नसता, तर १२ व्होल्ट थेट आतील चिपवर गेले असते.

म्हणून माझा आग्रह आहे की पिनचा आकार पाहून चार्जर निवडू नये, आउटपुटची ओळ वाचावी. तेथे ५ व्होल्ट असेल, किंवा ५ पासून सुरू होणारी यादी असेल, तर चालेल. एकटाच ९, १२ किंवा १५ असेल, तर तो चार्जर ज्या उपकरणासोबत आला त्यालाच बांधून ठेवावा. मी तर अशा चार्जरच्या केबलला उपकरणाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट वगैरेंसाठी टाइप-सी सॉकेट सक्तीचे केले, ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु सगळीकडे एकच पिन दिसू लागल्यावर असे भलते अडॅप्टर ओळखणे अधिक अवघड झाले आहे, असे माझे मत आहे. शंका असेल तर मध्ये जोडायचा छोटा यूएसबी मीटर घ्यावा, मात्र तो २० व्होल्टच्या वर मोजणारा असावा. पुढे उपकरण न जोडता चांगल्या चार्जरवर तो ५ च्या आसपास आकडा दाखवतो किंवा टाइप-सीवर कोराच राहतो. माझ्या दिव्याच्या चार्जरवर तत्काळ १२.१ दिसले होते.

मुंग्यांविषयी थोडे जपून लिहितो, कारण मी वीजतज्ज्ञ नाही. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विद्युत-गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अत्यल्प विद्युतप्रवाह पाझरतो आणि तो धातूच्या पाठीवर जाणवतो. प्रमाणित चार्जरमध्ये त्यावर मर्यादा घातलेली असते. अडचण अशी की आतील इन्सुलेशन निकृष्ट असलेल्या चार्जरचीही सुरुवात तशाच मुंग्यांनी होऊ शकते आणि हाताला त्यांतील फरक कळत नाही. चार्जर पोकळ, हलका लागत असेल, छापील अक्षरांत चुका असतील, किंवा चार्जिंग चालू असताना पडद्यावर आपोआप बटणे दाबली जात असतील, तर तो चार्जर फेकून द्यावा, असे मी म्हणेन. एकात एक दोन चौकोनांची खूण दुहेरी इन्सुलेशन दर्शवते, पण नकली मालावर ती छापायला काही अडत नाही. आणि मुंग्यांऐवजी झटका बसला, तर पुढचा प्रयोग करू नका.

फोनचा १ अँपिअरचा चार्जर टॅबलेटला चालेल, फक्त वेळ पुष्कळ लागेल. तो हाताला सोसवणार नाही इतका तापू लागला तर काढा. तूर्त ६५ वॉटच्या चार्जरवर ५ पासून सुरू होणारी यादी आहे एवढे पाहून तो निःशंक वापरा, आणि पंपाच्या चार्जरवरील आउटपुटची ओळ उजेडात वाचून तिच्यात काय छापले आहे तेवढे येथे कळवा.