एकट्याने किनाऱ्यावर तंबू टाकताना

पहिल्यांदाच एकटा निघतोयस, तर गुहागर ते वेळणेश्वर हा पट्टा निवड. गावं जवळ आहेत, अडचण आली तर कुणीतरी धावून येतं. तंबू टाकण्याआधी पोलीस पाटलांच्या कानावर घाल, रात्री निर्धास्त झोपशील.

सगळ्यात आधी भरतीचं बघ. तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. वाळूत सुकलेल्या शेवाळाचा, शिंपल्यांचा पट्टा दिसेल, पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच्याही वर चढतं. म्हणून तंबू सुरूच्या बनाच्या कडेला टाक, माडाखाली मात्र अजिबात नको. साध्या खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भर, तिला दोरी बांध आणि पिशवीच पुरून टाक.

सूर्य बुडाला की लोक कॅमेरा आवरतात, बघून फार हळहळ वाटते. खरे रंग त्यानंतरच येतात! ओल्या वाळूत आभाळ उतरतं, तेव्हा ट्रायपॉड अगदी खाली घे. लेन्स किनाऱ्यावर बदलू नकोस, खारे तुषार आत जातात. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धू. आणि कासवीण अंडी घालायला आलेली दिसली, तर फ्लॅश नाही, टॉर्चही नाही. लांब बसून राहा.