ओढ्यातील रत्नखडीसाठी हातपंप वापरताना

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील इन्व्हरेल, ग्लेन इनिस या भागातील ओढ्यांत नीलम शोधण्यास निघणार असाल, तर हातपंपाआधी, म्हणजे दट्ट्या ओढून तळातील खडी शोषून घेणाऱ्या नळीआधी, ओढ्याचा तळ नीट वाचायला शिका. नीलमाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 4 आणि झिरकॉन या दुसऱ्या रत्नखड्याचे त्याहून अधिक, तर साध्या गारगोटीचे 2.65 असल्यामुळे जड खडे वरच्या वाळूत न राहता कातळाच्या भेगांत व मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला तळाशी जाऊन बसतात.

भेगेतील घट्ट बसलेली खडी आधी लोखंडी सळईने सैल करावी, नळीचे तोंड तळाला टेकवावे आणि दट्ट्या एका दमात जोराने ओढावा, कारण हळू ओढल्यास हलकी वाळूच वर येते आणि हवे ते खालीच राहते. नळीत झडप नसेल तर ती पाण्याबाहेर काढताना तोंड लगेच वर करून बादलीत रिकामी करावी. भेग अगदी रिती होईपर्यंत हलू नये. नवखे बहुधा इथेच घाई करतात. पुढे बादलीतील खडी चाळणीत घेऊन ती पाण्यात वरखाली हलवून झटक्यात उपडी केली, की जड खडे मधोमध वर दिसतात.

जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी, यंत्रचलित पंप वापरू नये आणि काठ मुळीच खणू नये. ढासळलेल्या काठाची माती ओढ्याला फार काळ गढूळ ठेवते.