पप्पांची २२ वर्षं आणि लायसन्सवरची दुसरी तारीख

"मॅडम, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे पण प्रश्न पप्पांचा आहे. आम्ही मनमाडजवळ राहतो. पप्पा ४६ वर्षांचे, २२ वर्षं ट्रकवर, त्याआधी क्लीनर. शाळा सहावीपर्यंत. आता पानेवाडीच्या डेपोतून टँकर चालवणाऱ्या एका मालकाकडे काम मिळतंय, म्हणजे बऱ्याच रात्री घरी येता येईल. पण तो म्हणतो हॅझार्डसचं, म्हणजे धोकादायक माल नेण्याचं, सर्टिफिकेट आणा. पप्पा चिडलेत. २२ वर्षांत एक ॲक्सिडेंट नाही, आता माझी कसली परीक्षा घेता म्हणतात. ओळखीतला एकजण ५ हजारात घरबसल्या सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय. दुसरा एक एजंट ४ लाखात जर्मनीला पाठवतोय, अनुभव असला की बाकी काही लागत नाही म्हणे. लहान काका टेम्पो चालवतात, त्यांनाही ट्रकवर यायचंय. पप्पांच्या लायसन्सचा फोटो पाठवलाय."

तू फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, कारण पत्रात जे विचारलंयस त्याच्या आधीचा प्रश्न त्या फोटोत आहे. कार्ड नीट बघ, व्हॅलिडिटीच्या दोन तारखा आहेत. एनटी समोर २०२९ आहे आणि टीआर समोरची तारीख ४ महिन्यांपूर्वीच गेलीये. एनटी म्हणजे घरची कार, बाईक वगैरे. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, म्हणजे पप्पांचा ट्रक. बहुतेक ड्रायव्हर मोठी तारीख बघतात आणि कार्ड परत पाकिटात घालतात, माझे सख्खे मामा आयुष्यभर नागपूर लाइनला होते त्यांचंही एकदा हेच झालेलं आणि नाक्यावर कळलं.

म्हणजे गेले ४ महिने पप्पा कायद्याच्या हिशोबाने बिनलायसन्स ट्रक चालवतायत. दंड ५ हजार आहे, गाडी दिली म्हणून मालकालाही वेगळा ५ हजार, पण दंड सोड, खरी भीती विम्याची. उद्या काही झालं, चूक समोरच्याची असो नाहीतर आपली, विमा कंपनी आधी लायसन्स मागते, आणि ते संपलेलं निघालं की दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायचा मार्ग तिला मोकळा होतो. मालक मग कोणाच्या मागे लागेल ते तुला सांगायला नको. त्यामुळे रिन्यू होईपर्यंत पप्पांना ट्रकवर बसू देऊ नकोस, भांडण झालं तरी चालेल.

चांगली गोष्ट ही की संपून १ वर्ष व्हायचंय. वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट लागत नाही, वर्ष उलटलं की परत ट्रॅकवर जाऊन टेस्ट द्यावी लागते. आधी ही सवलत ५ वर्षं होती, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १ वर्षावर आणली, आणि जुन्या लोकांच्या डोक्यात अजून ५ वर्षंच बसलेली आहेत. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर अर्ज, सोबत डॉक्टरचं फॉर्म १-ए मधलं मेडिकल. ट्रान्सपोर्टचं लायसन्स आता एका वेळी ५ वर्षांचं मिळतं. सहावी शिक्षणाची चिंता इथे करू नकोस, ट्रान्सपोर्टला आठवी पास पाहिजे ही अट २०१९ मध्येच काढून टाकलीये, कोणी अजून ती सांगून पैसे मागत असेल तर सरळ उठून ये.

आता टँकर. पेट्रोल, डिझेल, गॅस, केमिकल असला धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला नुसतं ट्रान्सपोर्ट लायसन्स पुरत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ आहे त्यासाठी. सरकारमान्य संस्थेत ३ दिवसांचा कोर्स करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग सारथीवरच धोकादायक मालाच्या एन्डोर्समेंटचा अर्ज करून लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. नोंद झाल्याशिवाय नुसतं सर्टिफिकेट खिशात ठेवून उपयोग नाही. ती नोंद ३ वर्षं चालते, २०१९ आधी दरवर्षी करावी लागायची. संस्था निवडताना राज्य सरकारची मान्यता आहे का हे तुमच्या आरटीओतच विचारून घे, फ्लेक्स बोर्डवर विश्वास ठेवू नकोस. आणि कोणी म्हणेल आधी बॅच, म्हणजे बिल्ला काढा, तर तो बॅच प्रवासी गाड्यांचा, रिक्षा-टॅक्सीवाल्यांचा, टँकरला त्याचा संबंध नाही.

मात्र नियम ९ मध्ये एक अट आहे जी पप्पांना टोचेल. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आलं पाहिजे. आठवी पास नसलं तरी चालतं पण इंग्रजी वाचता यायला हवं, असं उलटसुलट वाटतं खरं. कारण मात्र टँकरच्या पाठीवरच लिहिलंय. पानेवाडीच्या रस्त्याला उभी राहा आणि कुठल्याही पेट्रोलच्या टँकरवरचा तो पट्टा बघ, १२०३ हा आकडा दिसेल, तो जगभर पेट्रोलचा नंबर आहे. त्याच्यावर ३ वाय ई असा कोड असतो. त्यातला ३ म्हणजे आग लागली तर फोम मारा, ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, गळती झाली तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं ते त्यावर असतं. अग्निशमनवाले पोचेपर्यंत तिथे एकटा ड्रायव्हर असतो आणि त्याला ते वाचता आलं नाही तर...

म्हणून पप्पा जे म्हणतात ना, कसली परीक्षा घेता, तर त्यांना सांग की गाडी चालवण्याची नाहीच घेत कोणी. गाडी त्यांना शिकवणाऱ्यापेक्षा चांगली येत असेल. पण २२ वर्षं त्यांनी कांदा, सिमेंट, सळई नेली. कांदा उलटला तर रस्ता अडतो, पेट्रोल उलटलं तर गाव पेटतं. शिवाय टँकरमधला माल हलतो, वळणावर अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त ओढतो, हे सळईच्या गाडीवर कधी कळत नाही. कोर्समध्ये हा भाग आला की जुने ड्रायव्हर कान टवकारतात, मी स्वतः एका वर्गात मागे बसून बघितलंय, पहिल्या दिवशी तंबाखू मळत मागच्या बाकावर बसलेले तिसऱ्या दिवशी पुढे येऊन प्रश्न विचारत होते.

इंग्रजीचं तू बघ. रोज रात्री फोनवर अर्धा तास, ए बी सी डी पासून नको, ते अपमान वाटून घेतील. त्यांना रोज दिसणारे शब्द घे, डेंजर, फ्लेमेबल, नो स्मोकिंग, इमर्जन्सी, आणि स्वतःचं नाव-पत्ता लिहिता येणं. बाप आहे तो, लेकीकडून शिकायला आधी कां कू करेल, मग करेल.

घरबसल्या ५ हजारवाल्याला मात्र नाही म्हण. नैतिक वगैरे बाजूला ठेव, साधा हिशोब बघ, कोर्सला न जाता आणलेलं सर्टिफिकेट तपासणीत पकडलं गेलं तर नोकरी तर जातेच, लायसन्सवर पण येतं, आणि तो ओळखीचा माणूस तेव्हा फोन उचलत नाही.

अजून एक काम आजच कर. पप्पांच्या जुन्या मालकांकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घे, कुठली गाडी, किती चाकी, कधीपासून कधीपर्यंत. २२ वर्षांचा कागदावर एकही पुरावा नाही असे शेकड्याने ड्रायव्हर आहेत, पगार रोख, हिशोब वहीत, आणि मालक गेला की सगळं गेलं. एक सर्टिफिकेट आरपीएलचंही असतं, आधीपासून येणाऱ्या कामाची चाचणी घेऊन कौशल्य विकास योजनेतून मिळतं, ड्रायव्हरसाठी ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल बघते. ते सक्तीचं नाही, लायसन्सच्या जागी चालतही नाही, काही मोठे ट्रान्सपोर्टवाले विचारतात म्हणून जवळ असावं इतकंच.

काकांचं दोन ओळीत. छोटा हत्ती किंवा तसाच टेम्पो असेल तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालवायला हरकत नाही, ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. ट्रकवर यायचं तर एलएमव्ही काढून १ वर्ष झालेलं हवं, वय २० च्या वर, आणि मान्यताप्राप्त मोटार स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण केल्याचा दाखला. हे ट्रेनिंग नियमाने ३० दिवसांचं आणि त्यात किमान १५ तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर. काही स्कूलवाले फॉर्म नुसता विकतात, काकांना म्हणावं पैसे दिलेच आहेत तर १५ तास पूर्ण वसूल करा, टेम्पोवाल्याला दहा टायरचा मागचा भाग कुठून वळतो ते अंगात यायला वेळ लागतो.

आणि तो जर्मनीवाला. पूर्ण खोटं बोलत नाहीये म्हणूनच जास्त धोक्याचा. युरोपात जुन्या ड्रायव्हरांना सूट होती हे खरं. ज्यांच्याकडे सप्टेंबर २००९ च्या आधीचं ट्रक लायसन्स होतं त्यांना नवी पात्रता परीक्षा द्यावी लागली नाही, फक्त दर ५ वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग. पण ते लायसन्स तिकडचं. आपल्या पप्पांच्या भारतीय लायसन्सला ती सूट नाही. तिकडे राहायला गेलं की आपलं लायसन्स ६ महिने चालतं, नंतर लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा, लेखी परीक्षेच्या भाषांत हिंदीसुद्धा नाही, मराठी तर सोडच. वर लायसन्सवर कोड ९५, म्हणजे व्यावसायिक ड्रायव्हरच्या पात्रतेची नोंद लागते, तिचा लवकरात लवकरचा रस्ता म्हणजे १४० तासांचं ट्रेनिंग आणि तिथल्या उद्योग-व्यापार चेंबरची दीड तासाची परीक्षा. "बाकी काही लागत नाही" ते हे.

महाराष्ट्र सरकारचा जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार झालाय, त्यात ड्रायव्हरचं काम पण आहे, बाहेर जायची खरंच इच्छा असेल तर चौकशी तिथून सुरू करा. एजंटला एवढंच विचार, तुझा परवाना नंबर दे, आणि तो परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असलेल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघ. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. हा ४ लाख मागतोय. मला विचारशील तर ४६ व्या वर्षी, घर सोडायची मनातून हौस नसताना, केवळ एजंट गोड बोलतो म्हणून जाऊ नये. पप्पांना रात्री घरी यायचंय हे तूच लिहिलंयस की.

तर आधी टीआर रिन्यू, मग ३ दिवसांचा कोर्स, मग लायसन्सवर नोंद. टँकरच्या मालकाला आत्ताच भेटून सांगा की कागद चालू आहेत, एवढी तारीख द्या, चांगला बिनॲक्सिडेंट ड्रायव्हर त्यालाही रोज मिळत नाही. आणि तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस की पप्पांना चष्मा लागलाय पण ते कोणाला सांगत नाहीत, तर तो चष्मा मेडिकलला घालूनच जायला सांग, चष्म्याने दिसत असेल तर लायसन्स अडत नाही, लपवला आणि तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली नाही तर अडतं.