आग्रहाची वाट पाहणारी मुलगी

"तिला परत बोलावून घेऊ का?" नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात कर्वे रस्त्यावरील माझ्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका आईचा हा पहिलाच प्रश्न होता. परदेशी गेलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात, म्हणून मायलेकींच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगी एकवीस वर्षांची होती आणि सप्टेंबरमध्ये उत्तर जर्मनीतील एका वृद्धाश्रमात वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी गेली होती. जर्मनीत तरुणांनी स्वेच्छेने एक वर्ष सामाजिक कामाला द्यावे यासाठी 1964 पासून कायदा आहे, आणि 2011 मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबवल्यावर त्याच्या जोडीला सरकारी स्वयंसेवा योजनाही सुरू झाली. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकणारी मुले पुष्कळ आहेत, त्यामुळे या वर्षाची माहिती आता बऱ्याच घरांत असते. मुलीची राहण्याची सोय एका यजमान कुटुंबात झाली होती. पन्नाशीचे नवराबायको आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले असे ते घर होते. येथे एक फरक सांगायला हवा. आउ-पेअर म्हणून गेलेली मुलगी ज्या घरात राहते त्याच घरातील मुले सांभाळते. स्वयंसेवकाचे काम मात्र बाहेर असते, आणि यजमान हे त्याचे मालक नसतात. त्यामुळे या घरात आपले नेमके स्थान काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आईंच्या म्हणण्याप्रमाणे ऑक्टोबरपर्यंत सारे ठीक होते. दिवाळीचा फराळ पोचला तेव्हाही मुलगी आनंदात होती. नोव्हेंबरमध्ये तिचा आवाज उतरला, चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला आणि एका रात्री ती म्हणाली, "आई, माणसं वाईट नाहीत गं, पण मी त्यांची कोणीच नाही." आईंनी वाचून ठेवले होते की परदेशात सुरुवातीला उत्साह असतो, मग मन खचते आणि पुढे ते पुन्हा वर येते. हा आलेख लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून मांडला होता. पुढील संशोधनात तो सर्वांना सारखा लागू पडताना दिसला नाही. पालक मात्र तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वापरतात, आणि "हा टप्पा जाईल" म्हणत खऱ्या कारणाकडे पाहायचे राहून जाते.

माझीही चूक जवळपास तीच झाली. पहिल्या दोन ऑनलाइन सत्रांत मी तिला घराच्या आठवणींबद्दल बोलते केले, झोपेचे आणि श्वासाचे साधे व्यायाम दिले, आणि डिसेंबरच्या तोंडावर तिकडे दुपारी चारच्या सुमारास अंधारते याचाही मनावर परिणाम होतो, असे समजावले. ते खोटे नव्हते, पण तिच्या उपयोगाचेही नव्हते. तिसऱ्या सत्रात मी तिला कालचा दिवस उठल्यापासून तासातासाने सांगायला लावले. "रात्री काय जेवलीस?" असे विचारल्यावर ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "चकली."

त्या घरात संध्याकाळचे जेवण म्हणजे आबेंडब्रोट, अर्थात पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो असे थंड खाणे. सारे टेबलावर मांडलेले असते आणि ज्याने त्याने हवे ते घ्यायचे असते. यजमानबाई पहिल्या आठवड्यात तिला "आणखी हवे का?" असे विचारत, आणि ती आपल्याकडच्या वळणाप्रमाणे "नको" म्हणे. आपल्या घरांत पहिले "नको" हे फक्त प्रास्ताविक असते. वाढणारी बाई ते ऐकून न ऐकल्यासारखे करते आणि पानात आणखी एक पोळी पडते. तेथे मात्र "नको" म्हणजे नको. समोरच्याचे शब्द खरे मानणे हाच तेथील आदर, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारणे त्यांना ढवळाढवळ वाटे. मुलगी अर्धपोटी उठे आणि रात्री खोलीत फराळाचा डबा उघडे. चकली मोडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती पांघरुणात हात घालून मोडत असे. हे सांगताना ती हसली, आणि मग रडली.

पण हे अर्धपोटी उठणे सप्टेंबरपासूनच चालू होते. मग नोव्हेंबरमध्येच बिनसले का? उत्तर घड्याळात सापडले. आई बँकेतून येऊन, स्वयंपाकपाणी आवरून, भारतीय वेळेप्रमाणे रात्री साडेदहाला फोन करत. उन्हाळी वेळेत दोन देशांत साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे तेव्हा तिकडे सात वाजलेले असत आणि सहाचे जेवण उरकलेले असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे गेली, फरक साडेचार तासांचा झाला, आणि आईंचा फोन नेमका जेवणाच्या वेळी येऊ लागला. आईचा फोन टाळायचा कसा, म्हणून मुलगी टेबलावरून उठून खोलीत जाई. आठवडाभराने यजमानांनी तिची थाळी मांडणे बंद केले. तिला वाटले, आपल्याला वगळले. त्यांना वाटले, हिला एकटीने जेवायला आवडते. कोणीच कोणाला विचारले नाही.

असा गैरसमज एकदा बसला की पुढचे सगळे त्याच रंगात दिसू लागते. तिने एकदा पोहे केले, मोहरी तडतडली, आणि थोड्याच वेळात बाईंनी घरातील खिडक्या सताड उघडल्या. आपल्या फोडणीचा त्यांना त्रास झाला असे तिने मनात धरले. प्रत्यक्षात कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या उघडून हवा बदलणे हा जर्मन घरांतील रोजचा परिपाठ आहे. बंद घरात ओल धरून बुरशी येऊ नये म्हणून तो पाळतात. रविवारी आवाज न करण्याचा नियमही तिला आपल्यावरचा रोष वाटला होता. त्यावर मात्र मी तिला थोडे चिडवले, कारण दुपारी एक ते चार बेल वाजवू नये अशा पाट्या वाचत मोठ्या झालेल्या पुणेकर मुलीने तरी त्याचे वाईट वाटून घ्यायला नको होते.

सर्वांत नाजूक गाठ वेगळीच निघाली. यजमानांनी पहिल्याच दिवशी आपल्याला नावाने हाक मारायला सांगितले होते, पण आईच्या वयाच्या बाईला एकेरी नावाने हाक मारायला तिची जीभ रेटेना. परिणामी अडीच महिने तिने त्या घरात कोणालाही, कशानेही हाक मारली नव्हती. समोर जाऊन उभे राहायचे आणि त्यांनी वर पाहण्याची वाट पाहायची.

आम्ही मिळून तीन गोष्टी जर्मनमध्ये लिहून काढल्या. पहिली, आमच्याकडे पहिले "नको" खरे नसते, म्हणून मला भूक असूनही मी नको म्हणत आले. दुसरी, फोनची वेळ मी बदलते आहे आणि मला तुमच्याबरोबर जेवायचे आहे. तिसरी, मोठ्यांना नावाने हाक मारणे मला जड जाते. कागद वाचून दाखवला तरी चालेल, असे मी तिला सांगितले. परीक्षेपुरती जर्मन येणाऱ्यालाही भावना परक्या भाषेत ऐन वेळी सुचत नाहीत. तिने तो रविवारच्या कॉफीच्या वेळी वाचला. बाईंना धक्काच बसला, कारण तिला मोकळीक हवी असेल म्हणून त्याच स्वतःला आवरत होत्या. "तुमच्याकडे काय म्हणतात?" असे त्यांनी विचारल्यावर मुलीने "काकू आणि काका" असे सांगितले, आणि दोन्ही मुले हसून हसून खुर्चीवरून घसरली. जर्मनमध्ये लहान मुले 'शी'ला "काका" म्हणतात. यजमानांनी ते पद नाकारले आणि नावावरच राहणे पसंत केले. बाई मात्र "काकू" झाल्या.

सगळीच घरे अशी सुटत नाहीत, आणि सगळीकडे जुळवून घ्यावे असा माझा सल्लाही नाही. यजमान पासपोर्ट स्वतःजवळ ठेवत असतील, घरकाम लादत असतील, न विचारता खोलीत शिरत असतील किंवा स्पर्श, बोलणे खटकत असेल, तर तो संस्कृतीचा फरक नव्हे. अशा वेळी पाठवणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाला त्याच दिवशी कळवावे आणि घर बदलून मागावे. या स्वयंसेवेत वर्षभरात 25 दिवसांची शिबिरे असतात आणि सोबत मार्गदर्शकही असतो. त्याच्याशी बोलणे म्हणजे चहाडी नव्हे. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल, तर डॉक्टरकडे जावे. स्वयंसेवकाचा आरोग्य विमा असतोच.

मुलगी परत आली नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा पुढे गेली, तेव्हा आईंनी मला फोन केला. "आता फरक साडेतीन तासांचा झाला. मग मी जुनीच साडेदहाची वेळ धरू का?"

मी म्हटले, "मला नका विचारू, तिलाच विचारा."

त्यांनी विचारले. मुलीने बुधवार आणि रविवार असे दोनच वार दिले आहेत, ही आता त्यांची नवी तक्रार आहे, आणि त्यासाठी त्यांनी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे.