कर्नलच्या मदतमजकुरातील ‘नाही’चा अर्थ

प्रश्न : लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) कंपाइल करताना ‘डीमेसेज’वर (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेवर) निर्बंध घालण्याच्या पर्यायाखाली ‘खात्री नसल्यास नाही म्हणा’ असा सल्ला दिसतो. तो पाळल्यास ही सुरक्षा कायमची हुकते का?

उत्तर : मुळीच नाही. हा पर्याय केवळ यंत्र सुरू होतानाचे मूळ मूल्य ठरवतो. पुढे रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता सिस-सीटीएलद्वारे, म्हणजे चालू कर्नलची मूल्ये बदलण्याच्या सोयीने, ‘डीमेसेज रिस्ट्रिक्ट’ 0 वरून 1 करू शकतो आणि मग ‘कॅप सिसलॉग’ हा विशेष अधिकार नसलेल्यांना कर्नलचे संदेश वाचता येत नाहीत. त्या संदेशांत मेमरीतील पत्ते उमटले, तर ते हल्लेखोराच्या पथ्यावरच पडतात. हे मूल्य सिस-सीटीएलने 1 केल्यास निर्बंध लागू होतात, हे मदतमजकुरातही एका वाक्यात सांगितले आहे. अनेकांची खाती असलेल्या यंत्रावर मी तरी 1 हेच मूल्य ठेवीन.